भावाभावांचा हिशेब

चिमाजी अप्पा म्हटले की आपल्याला १७३९ सालची वसई आठवते. उभी हयात बँकेच्या खातेवह्यांत गेलेल्या माझ्यासारख्याला मात्र आणखी एक अप्पा भेटतात: थोरले बाजीराव मुलूखगिरीवर असताना पुण्यात बसून पैशाची तोंडमिळवणी करणारे धाकटे भाऊ. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड छापले. त्या काळच्या पत्रव्यवहारात लढाईच्या बातमीला खेटूनच सावकार उभा असतो.

याचे कारण साधे होते. चौथाईची वसुली हंगामानंतर हाती येणार, तीही आली तर. शिलेदाराला मात्र घोड्याचा दाणा आज हवा. मधली फट सावकार भरून काढी. रोकड लांब नेणे धोक्याचे, म्हणून हुंडी. तिच्यावर हुंडणावळ, नाण्यावर बट्टा आणि वर व्याज. आमच्या शाखेतल्या ओव्हरड्राफ्टची हीच रीत होती, फक्त तिथे खातेदाराच्या मागे फौज नसे.

धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी हे बाजीरावांचे गुरू, आणि धनकोही. सावकारांच्या पाया पडता पडता कपाळ झिजले, अशा अर्थाचे बाजीरावांनी त्यांना लिहिले आहे. ज्याच्या नावाने दिल्ली दचकत होती त्याने हे लिहावे! हे कुठल्या बखरीत सापडले नसते. घरच्या माणसापाशीच माणूस असे बोलतो.

पण घरचा माणूसच धनको असला म्हणजे? २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला बाजीराव गेले. बारामतीचे बापूजी नाईक जोशी कर्जासाठी अडून बसले आणि पेशवेपदावरही डोळा ठेवून राहिले. हे नाईक परके नव्हते. त्यांचे भाऊ आबाजी नाईक म्हणजे बाजीरावांच्या बहिणीचे, भिऊबाईंचे यजमान. शेवटी महादोबा पुरंदऱ्यांनी आपली पत खर्ची घालून नानासाहेबांची सुटका केली.

पुढच्या पिढीत तर हिशेबाने घरच फाटले. राघोबादादा १७५८ साली लाहोरपर्यंत जाऊन आले. कीर्ती मोठी, पण येताना लुटीऐवजी ८० लाखांवर कर्ज आणले, असे ग्रँट डफ लिहितो. चुलतभाऊ सदाशिवरावभाऊंच्या हाती कारभार. त्यांनी जाब विचारला. दादांनी रागाने सुनावले, की पुढच्या स्वारीला तुम्हीच जा. आणि १७६० साली भाऊ गेलेही. माझ्या मते भाऊंचे विचारणे योग्यच होते, चुकली ती वेळ. स्वारी निघण्याआधी कोणी अंदाजपत्रक मागितले नाही, आणि नंतर मागितलेला हिशेब भावाला अपमानच वाटतो.

उत्तरेत भाऊंची गत दादांहून वाईट झाली. वसुलीसाठी गोविंदपंत बुंदेल्यांना तगाद्यावर तगादे गेले. दिल्लीत दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून नाणी पाडावी लागली. पानिपताची बातमी नानासाहेबांना कळली ती सावकारी पत्रातून, असे सांगतात: दोन मोती गळाले, मोहरा गेल्या, खुर्द्याची गणती नाही. भाऊंचा आणि विश्वासरावांचा मृत्यूही असा जमाखर्चात मांडून आला. नानासाहेबांचे चिरंजीव माधवराव १७७२ साली थेऊरला अखेरचे अंथरुण धरून पडले, तेव्हाही सर्वांचे कर्ज फेडावे ही त्यांच्या मनातली मोठी चिंता होती.

हे सारे काळेवाडीत बसून लिहिताना दूरचे वाटत नाही. पवनेकाठच्या या वाडीत मराठवाड्यातून, सोलापूर-साताऱ्याकडून कारखान्यात कामाला आलेला भाऊ गावाकडच्या भावाला मनिऑर्डर करी, आणि त्या फॉर्मच्या खालच्या चिठोऱ्यावर दोन ओळी लिही: एवढे बियाण्याला, एवढे आईच्या औषधाला, उरतील ते सोसायटीत भर. गावाकडून आंतर्देशीय पत्र येई. त्यात पैसे पोचल्याचे असे आणि आणखी किती लागतील तेही. ती पत्रे कित्येकांनी ट्रंकेत जपून ठेवली.

आता पैसे क्षणात पोचतात आणि बोलणे फोनवर होते. इथल्या मूळ घरांत जमिनीला भाव आला, गुंठ्यांचे व्यवहार झाले, बहिणींकडून हक्कसोड पत्रे घेतली गेली. तरी विहिरीच्या खर्चात कोणाचे किती, धाकट्याच्या शिक्षणाला थोरल्याने काय दिले, हे कुठेच लिहिलेले नसते. वाटणीचा दावा कोर्टात उभा राहिला की वकील पहिल्यांदा कागद मागतो. मग दोघे भाऊ वडिलांच्या जुन्या ट्रंकेभोवती बसतात, एकमेकांशी न बोलता.