एक आज्ञा, शंभर फायली

मराठी भाषेचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे आपल्या सुरतेत शिक्षक होते, आणि १८४४ साली येथे निघालेल्या मानवधर्म सभेच्या संस्थापकांपैकी एक होते. व्यंजन आधी, स्वर मागून, हा व्याकरणाचा पहिला पाठ. आज जुने मराठी कागद संगणकात उतरवून घेताना तोच पाठ पुन्हा गिरवावा लागतो.

मंडळांची इतिवृत्ते, नियमावल्या आणि स्मरणिका पुष्कळ ठिकाणी जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित झालेल्या आहेत. त्यांच्या शेकडो फायली एकेक करून उघडण्याचे कारण नाही. लिब्रेऑफिससारख्या मोफत साधनाला आज्ञापटलावरून एकच ओळ लिहून द्यावी. फायलींच्या नावाजागी तारकाचिन्ह घातले की त्या प्रकारच्या सर्व फायली एका दमात नव्या रूपात येतात.

परंतु वाचकहो, एवढ्याने केवळ वेष्टन बदलते, अक्षर बदलत नाही. जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसविलेल्या असत. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर आजोबांचे भाषण निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसते. १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. तेथे ‘किरण’ मध्ये आधी क, मग वेलांटी. जुन्या पद्धतीत वेलांटी आधी. ‘धर्म’ मधील रफार जुन्या पद्धतीत म नंतर, तर युनिकोडमध्ये र चा उच्चार जेथे, तेथेच. म्हणून नुसती अदलाबदल पुरत नाही. क्रम बदलण्याचे नियमही लिहावे लागतात, आणि तेही फॉन्टागणिक निराळे.

एका आज्ञेत शंभर फायली सुधारतात, तशाच एका चुकीच्या नियमाने शंभर बिघडतात. यासाठी मूळ फायलींना हात लावू नये. नव्या प्रती वेगळ्या कप्प्यात काढाव्यात. प्रथम एकाच फायलीवर प्रयोग करून ती मोठ्याने वाचावी. मग सर्वांवर आज्ञा चालवून आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या फायलींची संख्या ताडून पाहावी. माणसांची आणि गावांची नावे मात्र डोळ्यांनीच तपासावीत.

हे काम घरातील ज्येष्ठ आणि नातवंडे यांनी मिळून करावे. आज्ञा नातवंडे लिहितील. पण नाव चुकले आहे, हे आजोबाच ओळखतील. ते ओळखणारे आपल्यात आहेत, तोवरच हे काम उरकले पाहिजे.