किरणोत्सर्ग : मोजणार कोण आणि कोठे?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यात अणुभट्टी नाही, युरेनियमची खाण नाही. पर्जन्यछायेतील या तालुक्याचे प्रश्न पाण्याचे आणि ऊसतोडीसाठी होणाऱ्या स्थलांतराचे आहेत. तरीही तेथील जमिनीतून, हवेतून आणि आकाशातून किरणोत्सर्ग अव्याहत येत असतो, कारण तो पृथ्वीवर सर्वत्र आहे. निसर्गातून माणसाला वर्षाला जागतिक सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट इतकी मात्रा मिळते. किरणोत्सारी प्रदूषण मोजण्यातील मूळ अडचण हीच आहे. उपकरणाचा काटा हलला म्हणजे प्रदूषण झाले, असे म्हणता येत नाही. त्या ठिकाणी मुळात किती किरणोत्सर्ग होता, हे आधी ठाऊक असावे लागते.

हा पाया घालण्याचे मोठे काम मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील के. एस. व्ही. नंबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात केले. काही स्फटिक किरणोत्सर्गाची ऊर्जा साठवून ठेवतात आणि तापवले की ती प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतात. त्या प्रकाशावरून मात्रा काढता येते. या तत्त्वावर चालणारे मात्रामापक देशभर ठेवून नैसर्गिक किरणोत्सर्गाचे चित्र तयार करण्यात आले. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटयुक्त वाळूत थोरियम विपुल असल्याने तेथील पातळी अनेक पटींनी अधिक असते. दख्खनच्या काळ्या पाषाणात युरेनियम व थोरियम अल्प, म्हणून येथील पातळी कमी. पाथर्डी याच काळ्या पाषाणावर वसलेली आहे. केरळच्या त्या किनाऱ्यावर जो आकडा नित्याचा, तोच येथे आढळला तर चौकशी करावी लागेल.

पातळी वाढल्याचे दिसल्यावर कारण शोधण्याचे साधन म्हणजे गॅमा वर्णपट. प्रत्येक किरणोत्सारी मूलद्रव्य ठरावीक ऊर्जेचे किरण सोडते. सीझियम-१३७ची खूण ६६२ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टवर, तर कोबाल्ट-६०ची ११७३ आणि १३३२वर उमटते. माती, दूध आणि माणसाच्या शरीरातही असणाऱ्या पोटॅशियम-४०ची रेषा १४६० जवळ दिसते. निसर्गाचे काय आणि माणसाने सांडलेले काय, याचा निवाडा असा होतो.

या शास्त्राची कसोटी महाराष्ट्राने पाहिली आहे. १९८६च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर आयर्लंडहून मुंबईत आलेल्या सुमारे २०० टन लोण्याविषयी शंका उपस्थित झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तज्ज्ञांच्या समितीने लोणी खाण्यास सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला आणि १९८८ मध्ये याचिका निकाली निघाली. त्या वादात भीती आणि आश्वासन यांच्यामध्ये उभे राहण्यास मोजलेल्या आकड्यांखेरीज दुसरे काही नव्हते.

दुसरा प्रसंग अधिक बोचरा आहे. २००८ मध्ये फ्रान्समधील एका कारखान्यात उद्वाहनाच्या बटणांमध्ये कोबाल्ट-६० सापडले. तेथील सुमारे वीस कामगारांना सामान्य नागरिकांसाठी ठरलेल्या वार्षिक १ मिलिसीव्हर्टच्या मर्यादेहून अधिक मात्रा मिळाली होती. माग काढता काढता तपास रायगड जिल्ह्यातील खोपोलीच्या एका ओतशाळेपर्यंत पोचला. भंगारासोबत किरणोत्सारी स्रोत भट्टीत वितळला होता. म्हणजे आपल्या पोलादातील दोष परदेशातील मापकांनी दाखवला. पुढे एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात दिल्ली विद्यापीठाचे लिलावात विकलेले जुने किरणयंत्र फोडले गेले. त्यात एकाचा मृत्यू झाला. तेथे तर धोक्याची पहिली सूचना उपकरणाने नव्हे, रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाच्या भाजलेल्या त्वचेने दिली.

या घटनांचा अर्थ स्पष्ट आहे. तारापूरसारख्या अणुवीज केंद्रांच्या परिसरात स्वतंत्र पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा माती, पाणी, दूध आणि मासळीचे नमुने तपासत असतात. भाभा केंद्राचे देशव्यापी किरणोत्सर्ग देखरेख जाळेही आहे. परंतु खोपोलीचा आणि मायापुरीचा धोका अणुभट्टीतून आला नव्हता. तो रुग्णालये, कारखाने आणि प्रयोगशाळांत वापरून झालेल्या स्रोतांमधून भंगाराच्या वाटेने आला. कोबाल्ट-६०चे अर्धायुष्य सव्वापाच वर्षे असते. अडगळीत वीस वर्षे पडलेल्या स्रोतातही मूळच्या सुमारे सात टक्के शक्ती उरते आणि मूळ स्रोत प्रबळ असेल तर तेवढीही घातक ठरते.

भंगार गावोगावी गोळा होते आणि महामार्गांनी भट्ट्यांकडे जाते. कल्याणहून अहिल्यानगर, पाथर्डीमार्गे मराठवाड्याकडे जाणारा महामार्ग हा असाच एक रस्ता. बंदरांवर तपासणी कमानी उभारणे आवश्यकच आहे; पण देशातल्या देशात फिरणारे भंगार त्या कमानीखालून जातच नाही. ओतशाळेच्या फाटकावर मापक, प्रत्येक स्रोताचा त्याच्या अखेरीपर्यंत हिशेब आणि तालुक्यागणिक नैसर्गिक पातळीची मराठीत जाहीर नोंद, या तीन गोष्टी खर्चाच्या मानाने फार मोठ्या नाहीत. पाथर्डीसारख्या ठिकाणी आज मोजून ठेवलेला साधा आकडा उद्या अफवा उठली तर नागरिकांना धीर देईल आणि खरोखरच काही बिघडले तर वेळेवर सावधही करील. मोजमापच नसेल, तर या दोहोंतील फरक सांगणार कोण?