विश्लेषण : सुपेला ते मुंबई : उड्डाण दोन तासांचे, प्रवास सात तासांचा

भिलाई (छत्तीसगड) : रायपूर ते मुंबई हे सरळ हवाई अंतर सुमारे ९५५ किलोमीटर असून ते पार करण्यास विमानाला जवळपास दोन तास लागतात. मात्र भिलाईतील सुपेला येथून निघालेल्या प्रवाशाला मुंबईतील घर गाठेपर्यंत साधारण सात तास खर्ची घालावे लागतात. वेळापत्रकात न दिसणाऱ्या या पाच तासांवरच प्रवासाची खरी सोय अवलंबून आहे.

भिलाई पोलाद प्रकल्पामुळे देशभरातील कामगार येथे स्थायिक झाले. त्यात मराठी कुटुंबेही होती. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी या प्रकल्पाचा करार झाला, तेव्हा हा भाग ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर प्रशासकीय नाते तुटले. नातीगोती आणि उपचार, शिक्षण यांसाठीची ये-जा मात्र सुरूच राहिली.

भिलाई-दुर्ग परिसरात नंदिनी येथे धावपट्टी असली तरी नियमित प्रवासी सेवा नाही. त्यामुळे ग्रेट ईस्टर्न रोडने सुमारे ४५ ते ५० किलोमीटर अंतरावरील रायपूरचे स्वामी विवेकानंद विमानतळ गाठावे लागते. रस्त्याला एक ते सव्वा तास, विमानतळावरील तपासणी व प्रतीक्षेला दोन तास, आणि मुंबईत उतरल्यावर सामान घेऊन घरी पोहोचण्यास किमान दीड तास, असा हा हिशेब आहे.

उड्डाणाचा वेळही केवळ अंतरावर ठरत नाही. विमान ठरलेल्या हवाई मार्गाने जाते, तसेच धावपट्टीपर्यंतची चाल आणि मुंबईच्या आकाशातील गर्दी यांचा वेळ वेळापत्रकात धरलेला असतो. हिवाळ्यात उंचावरील पश्चिमी वारे मुंबईकडे जाणाऱ्या विमानाला विरोध करतात, तर परतीच्या विमानाला साथ देतात. त्यामुळे जाण्यायेण्याच्या वेळेत काही मिनिटांचा फरक पडतो.

रेल्वेने दुर्ग ते मुंबई हे अंतर सुमारे १,१०० किलोमीटर असून मेल-एक्स्प्रेस गाड्यांना साधारण १८ ते २० तास लागतात. म्हणजे मुंबईसाठी विमान निश्चितच वेळ वाचवते. नागपूरच्या बाबतीत चित्र उलट आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झालेली बिलासपूर-नागपूर वंदे भारत एक्स्प्रेस दुर्गहून सुमारे साडेतीन तासांत नागपूरला पोहोचते. विमानप्रवासात जमिनीवरच साडेचार ते पाच तास जात असल्याने एवढ्या अंतरासाठी थेट विमान मिळाले तरी त्याचा लाभ उरत नाही.

यातून धोरणासाठी स्पष्ट निष्कर्ष निघतो. दोन तासांच्या उड्डाणात अर्धा तास वाचवायचा, तर विमानाचा सरासरी वेग एक तृतीयांशाने वाढवावा लागेल, जे व्यवहार्य नाही. तोच अर्धा तास भिलाई ते विमानतळ अशी उड्डाणांच्या वेळा पाहून धावणारी थेट बससेवा आणि जलद तपासणी यांतून वाचू शकतो. सुपेल्यातील वृद्ध किंवा रुग्ण प्रवाशासाठी नव्या उड्डाणाच्या घोषणेपेक्षा ही सुधारणा अधिक मोलाची ठरेल.