एफ-वन दाबा आणि विसरून जा?

रविवारची दुपार. मटणाचं जेवण झालंय, डोळ्यांवर मस्त झापड येतेय आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून आईची हाक, "अगं, ह्या कॉम्प्युटरवर काय लिहून येतंय बघ ना!"

बघितलं. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं : स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस. खाली सोय पण दिलेली, पुढे जायचं असेल तर एफ-वन दाबा. मी दाबलं. विंडोज सुरू झालं, आईचे फोटो उघडले. "झालं गं, काही नाही," असं म्हणून मी परत आडवी!

पुढचे नऊ दिवस आई रोज इमाने इतबारे एफ-वन दाबत होती. दहाव्या दिवशी दाबूनही काही झालं नाही. आतून फक्त आवाज... टक्, टक्, टक्. आई-बाबांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं अख्खं फोल्डर गेलं. आजीच्या आवाजातली ११ मिनिटांची क्लिप तेवढी वाचली, तीही दादाने कधीतरी पेनड्राइव्हवर नेली होती म्हणून. आई मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तर मंडळी, आजचा विषय हाच. डिस्क बिचारी जीव तोडून सांगत असते आणि आपण 'नंतर बघू' मोडमध्ये!

हे 'स्मार्ट' म्हणजे डिस्कने स्वतःच स्वतःवर ठेवलेली नजर. हार्ड डिस्कच्या आत गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा गरगर फिरत असतात. त्यातली एखादी जागा खराब झाली, की डिस्क तिथला कारभार गुपचूप राखीव जागेत हलवते. गाडीला स्टेपनी लावावी, तसंच. गाडी चालते, पण स्टेपनीवर पुण्याहून कोकणात उतरायचं धाडस शहाण्याने करू नये. क्रिस्टल-डिस्क-इन्फोसारखं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलंत, तर किती स्टेपन्या लागल्यात ते आकड्यात दिसतं. 'रीअॅलोकेटेड' आणि 'पेंडिंग' सेक्टर ह्या दोन ओळी बघायच्या. आकडा शून्य असेल तर छान. दर आठवड्याला वाढत असेल तर बॅग भरा! फक्त 'सीआरसी एरर' वाढत असेल, तर मात्र आधी केबल तपासा. पुष्कळदा दुखणं तिथेच निघतं.

'अगं, पण असे मेसेज येतच असतात' म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. २००७ साली गूगलच्या इंजिनिअर्सनी आपल्याकडच्या १ लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. पृष्ठभाग तपासताना पहिली एरर दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, तशी एरर नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. आणि खरी गंमत पुढे आहे. बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी धोक्याच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणजे वॉर्निंग आली तर ते आपलं नशीब समजायचं. आणि नाही आली, म्हणून निवांत झोपायचं नाही.

मग मेसेज आल्यावर करायचं काय? सगळ्यात आधी कॉपी. चेकडिस्क नको, डिफ्रॅग नको, 'एकदा फॉरमॅट मारून बघू' तर नकोच नको. दमलेल्या माणसाला जिन्यावरून पळवण्यातला प्रकार आहे तो. दुसरी डिस्क जोडा आणि जे पुन्हा मिळणार नाही ते आधी उचला : फोटो, आवाज, घराची कागदपत्रं, तुमचं काम. सिनेमे आणि गेम्स शेवटी. ते परत मिळतात, आजी मिळत नाही.

टक्-टक् सुरू झाली असेल, तर मशीन बंद करा आणि बंदच ठेवा. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा जुना 'जुगाड' सांगणारा मित्र प्रत्येकाला असतो. ऐकू नका, आत दव धरतं आणि उरलीसुरली आशाही जाते. डेटा खरंच मोलाचा असेल तर रिकव्हरीवाल्यांकडे जा. खिसा चांगलाच हलका होईल आणि गॅरंटी तरीही नाही. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, जुने फोटो मिळत नाहीत.

'माझ्याकडे एसएसडी आहे' म्हणून हसू नका. तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे टक्-टक् पण नाही. जायची वेळ आली की ती निरोपही न घेता जाऊ शकते.

एकच सवय लावून घ्या, ३-२-१. डेटाच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ घराबाहेर. आणि नुसत्या सिंकला बॅकअप समजू नका. इकडे चुकून डिलीट केलेलं तिकडूनही उडतं.

दरवर्षी ३१ मार्चला वर्ल्ड बॅकअप डे असतो. आपल्याकडे त्या दिवशी सगळे इयर एंडिंगच्या फाइलींत बुडालेले. तेव्हा तारखेची वाट कशाला बघताय? ह्या रविवारी जेवण झाल्यावर आडवं व्हायच्या आधी एक कॉपी मारा. आमच्याकडे आता ते काम आईने स्वतःकडे घेतलंय. माझ्यावर सोपवत नाही!