शब्दांची कुळकथा : वेढा घालणें आणि बसणें

ज्या घरांत संध्याकाळीं मुलांच्या भाषांतराच्या वह्या तपासल्या जातात, तेथें एक चूक वारंवार आढळते. 'बिसीज' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ मुलें 'हल्ला करणें' असा करितात आणि मोकळीं होतात. कोशांत 'वेढा घालणें' असें स्पष्ट दिलेलें असतें. पण वेढा हा हल्ल्याचाच एक प्रकार, असें मनांत धरून पुढें जाण्याची संवय आपणां मोठ्यांसही आहे. ही चूक दिसते तितकी लहान नाहीं, असें आम्हांस वाटतें. हल्ल्यांत माणूस शस्त्रानें मरतो, वेढ्यांत तो बहुधा भुकेनें मरतो. आणि शब्द चुकला कीं ही दुसरी गोष्ट वाचणाराच्या नजरेआड होते.

'सीज' हा शब्द इंग्रजींत जुन्या फ्रेंच भाषेंतून आला. तेथें त्याचा अर्थ आसन किंवा बैठक असा होता, व त्याचें मूळ लॅटिनमधील 'सेदेरे', म्हणजे बसणें, या धातूंत आहे. आपला संस्कृत 'सद्' धातु त्याचाच सख्खा भाऊ. 'बि' हा उपसर्ग सभोंवार या अर्थाचा. तेव्हां 'बिसीज' म्हणजे सभोंवार बैठक मारणें; मारामारीचा त्यांत मुळांत मागमूसही नाहीं. आपल्या 'परिषद्' या शब्दाचा अवयवार्थ तरी याहून वेगळा कोठें आहे? एकीकडे शत्रु भोंवतीं बसतात, दुसरीकडे विद्वान बसतात, इतकाच भेद. परिषदांचीं इतिवृत्तें वाचून कोणास हा भेदही थोडका वाटल्यास त्यास आमचा इलाज नाहीं.

आश्चर्याची गोष्ट ही कीं, आपल्या शास्त्रकारांनींही वेढ्यास 'बसणें' असेंच म्हटलें आहे. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्राच्या तेराव्या अधिकरणांत दुर्ग हस्तगत करण्याचे उपाय सांगितले आहेत. त्यांत 'पर्युपासन' व 'अवमर्द' हे दोन उपाय निरनिराळे मोजले आहेत. 'उपासना' म्हणजे जवळ बसणें, हें आपण रोज अनुभवतों. तिला 'परि' जोडला कीं भोंवतीं बसणें झालें. हाच वेढा. 'अवमर्द' म्हणजे प्रत्यक्ष चालून जाऊन किल्ला चिरडणें. वेढ्याआधीं शत्रूचें 'कर्शन' करावें, म्हणजे त्यास कृश करीत आणावें, असेंही कौटिल्य सांगतो. आणि एवढें कठोर शास्त्र लिहिणारा हाच पुरुष त्याच प्रकरणांत बजावतो कीं, तेथील प्रजेस अभय द्यावें. कारण माणसांवांचून देश नाहीं व देशावांचून राज्य नाहीं.

आतां इंग्रजी पर्यायांकडे वळूं. 'बेलीगर' हा डच भाषेंतून आलेला. त्यांतील 'लेगर' म्हणजे छावणी. तळ देऊन बसणें हा मूळ अर्थ, पण आज तो चोहोंकडून गांजलेल्या माणसासच अधिक लावतात. 'इन्व्हेस्ट' म्हटलें कीं आपणांस पेढी व व्याज आठवतें. परंतु त्याच्या पोटांत लॅटिन 'वेस्टिस', म्हणजे वस्त्र, आहे, आणि लष्करी भाषेंत गांवास सैन्यानें वस्त्रासारखें गुंडाळून वाटा बंद करणें असा त्याचा अर्थ होतो. आमच्या मतें मराठी 'वेढ्या'चा खरा जोडीदार हाच. वेढा शब्द संस्कृत 'वेष्ट्' धातूपासून, वेष्टन ज्यापासून झालें त्यापासूनच, आला आहे. बोटांतलें वेढेंही त्याच कुळांतलें. म्हणजे इंग्रजाला बसणारा दिसला, मराठ्याला गुंडाळलेला दिसला. 'असेल' (उच्चार आपल्या मराठी 'असेल'सारखाच, नातें मात्र कांहीं नाहीं) याच्या मुळाशीं उडी मारणें आहे. अंगावर झडप घालणें म्हणजेच हल्ला. 'बिसीज'चा म्हणून मुलें जो अर्थ देतात, तो या शब्दाचा आहे.

बसणें व झडप घालणें हीं कामें एके ठिकाणीं येत नाहींत, असें नव्हे. १६६० सालीं सिद्दी जौहर पन्हाळ्यास वेढा देऊन बसला, तेव्हां राजापूरच्या वखारीवरील हेन्री रेव्हिंग्टन हा इंग्रज त्याच्या मदतीस दारूगोळा घेऊन आलाच होता. तरी सिद्दीची मुख्य भिस्त बसण्यावर होती. भर पावसाळ्यांत तो उठला नाहीं, आणि म्हणूनच जुलैच्या त्या रात्रीं महाराजांस गड सोडण्याचें साहस करावें लागलें. जिंजीस तर झुल्फिकारखान १६९० मध्यें जो बसला, त्याच्या हातीं किल्ला १६९८ च्या जानेवारींत लागला; मध्यंतरीं १६९२ च्या अखेरीस संताजी-धनाजींनीं त्याची रसद तोडून त्यालाच कोंडलें होतें. यास 'आठ वर्षें हल्ला केला' असें म्हणून पाहावें, म्हणजे शब्दाचा अपराध कळेल.

त्याहून दारुण उदाहरण लेनिनग्राडचें. ८ सप्टेंबर १९४१ पासून २७ जानेवारी १९४४ पर्यंत, म्हणजे ८७२ दिवस, जर्मन सैन्यानें तें शहर कोंडून धरिलें. शहरांत घुसण्यापेक्षां तें उपाशी मारावें, असा त्यांचा ठराव होता. १९४१ च्या नोव्हेंबरांत मुलांस व घरीं राहणारांस दिवसाची पाव १२५ ग्रॅमवर आली. आपल्या घरांतील एका माणसाच्या एका वेळच्या पोळ्याही याहून जड भरतील. लाखों माणसें गेलीं, तीं बहुतेक अन्नावांचून. बाँब व तोफा होत्याच; पण रशियन लोक या काळास आजही 'ब्लोकादा', म्हणजे नाकेबंदी, म्हणतात, आणि त्यांचा शब्द अगदीं बरोबर आहे. पुढें १९७७ सालीं जिनीव्हा करारांस जोडलेल्या पहिल्या पूरक करारनाम्याच्या ५४ व्या कलमानें नागरिकांची उपासमार हें युद्धाचें साधन करण्यास मनाई झाली. कौटिल्याच्या अभयवचनास येथवर पोंचावयास दोन हजार वर्षें लागलीं म्हणावयाचीं.

रोजच्या लिहिण्यांत मात्र लढाई थोडी आणि लक्षणा फार. पाहुण्यास चाहत्यांनीं 'बिसीज' केलें, तेथें 'गराडा घातला'. अधिकाऱ्यास विनंत्यांनीं केलें, तेथें 'भंडावून सोडलें'. 'बिसेट' बहुधा संकटांचा सोबती. त्यास 'घेरणें' किंवा 'ग्रासणें' शोभतें. 'ऑब्सेस' याचाही मूळ अर्थ समोर ठाण मांडून बसणें, म्हणजे वेढाच होय. पुढें पिशाच्च बाहेरून छळतें त्यास तो लावूं लागले, आणि आज मनांतून न हटणाऱ्या विचारास लावतात. त्याचें मराठी 'पछाडणें' इतकें चोख आहे कीं नवा शब्द घडविण्याचा खटाटोप कोणीं करूं नये. थकलेल्या पगारासाठीं सरदाराच्या डेऱ्यापुढें बसणाऱ्या शिपायांचें 'धरणें' हाही एका माणसापुरता वेढाच होता. आणि संस्कृतांत अडविणें, कोंडणें असा अर्थ असलेला 'उपरोध' मराठींत येऊन नुसत्या बोलण्यानें कोंडी करूं लागला.

याच 'सेदेरे'च्या घराण्यांतला 'असेस' हा शब्द, जो न्यायाधीशाच्या शेजारीं बसतां बसतां कर ठरवूं लागला, त्याची हकीकत पुढील खेपेस.