घराची दुसरी शाळा नको!

दुखानमधल्या आपल्या पहिली-दुसरीतल्या मुलांची दुपार हल्ली वर्कशीट्समध्ये जाते. नेटवरून उतरवायच्या, प्रिंट काढायच्या, सोडवून घ्यायच्या. शुक्रवार-शनिवारही सुटत नाही. "इथे दुसरं आहे काय? दोहा ऐंशी किलोमीटरवर!" हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. मला ते मुळीच पटत नाही.

१९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. महागड्या मॉन्टेसरी साधनांऐवजी त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं वापरली. बोर्डीला समुद्र होता. तो दुखानलाही आहे!

किनाऱ्यावरून शिंपले आणा, मुलांना दहा-दहाचे ढीग करू द्या. एकक-दशक हाताला कळेल. कणीक भिजवताना पीठ-पाणी वाटीने मोजू द्या. पाव, अर्धा, पाऊण तिथेच समजतील. वाणसामानाची यादी त्यांच्याकडून मराठीत लिहून घ्या.

"अशाने मूल शाळेत मागे पडेल," असं कोणी म्हणेल. का पडेल? ज्याने अर्धी वाटी मोजली आहे, त्याला 'हाफ' वेगळं शिकवावं लागत नाही. पण 'एकोणतीस', 'एकोणचाळीस' हे शब्द इंग्रजी वर्कशीटमध्ये कधीच भेटणार नाहीत. ते घरात कानावर पडले तरच टिकतील.

इंग्रजी शिकवायला शाळा आहे, तिची फी आपण भरतो. मराठीची जबाबदारी घराचीच. तेव्हा प्रिंटर बंद करा आणि ओट्यापाशी मुलांसाठी एक स्टूल ठेवा.