औरंगजेब हा खेळ जिंकला असता : टर्न-बेस्ड युद्ध आणि दख्खनचे युद्ध

१/
सोलापूरहून तुळजापूरकडे निघाले की बालाघाटाचा चढ लागण्यापूर्वी तामलवाडी येते. याच मुलखात, सोलापूरच्या पलीकडे भीमेच्या काठी, मंगळवेढ्याजवळच्या ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची मुख्य छावणी होती. काबूलपासून कर्नाटकापर्यंतचा कारभार तेथून चाले. त्या काळच्या जगातील सर्वांत श्रीमंत सत्तांपैकी एक सत्ता या काळ्या जमिनीवर तळ देऊन बसली होती, आणि तरीही ती युद्ध हरली. ती का हरली, याचे उत्तर आजच्या लोकप्रिय युद्धखेळांत सापडत नाही. हा दीर्घ धागा त्याविषयी.

२/
विरोध खेळांना नाही. विरोध आहे तो खेळांतून नकळत अंगवळणी पडणाऱ्या एका समजुतीला : नकाशावर ज्याचा रंग पसरतो, तो जिंकतो. इतिहासाची आवड असलेल्या तरुणांच्या चर्चांत हीच समजूत आता युद्धशास्त्र म्हणून मिरवते. ‘अमुक साली अमुक किल्ला घेतला असता तर’ अशा वादांच्या मुळाशी तीच असते. दख्खनच्या युद्धाने ही समजूत तीनशे वर्षांपूर्वीच खोटी ठरवली आहे.

३/
उदाहरण म्हणून ‘एम्पायर : टोटल वॉर’ घ्यावा. २००९ साली आलेल्या या खेळात मराठे हा खेळता येणारा पक्ष आहे; मुघल नाही. प्रत्यक्ष लढाई चालू वेळेत होते, परंतु मोहीम टर्न-बेस्ड आहे. ती १७०० साली सुरू होते आणि १७९९ पर्यंत चालते. वर्षाला दोन टर्न, एक उन्हाळ्याची आणि एक हिवाळ्याची. ठराविक प्रांत ठराविक वर्षापर्यंत ताब्यात आले की विजय. प्रांत म्हणजे त्याचे मुख्य शहर. शहर पडले की सारा प्रांत पडला.

४/
खेळातील पक्षाचे नाव ‘मराठा कॉन्फेडरसी’ आहे. १७०० साली असे काही अस्तित्वातच नव्हते. छत्रपती संभाजी महाराजांची हत्या होऊन अकरा वर्षे झाली होती. रायगड १६८९ पासून मुघलांकडे होता. जिंजी १६९८ मध्ये पडली. साताऱ्याला वेढा बसला होता आणि मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले. कारभार ताराबाईंच्या हाती आला. राजधानी डळमळीत, खजिना रिकामा, गादीवर बालराजा. कोणत्याही खेळाडूने अशी स्थिती पाहून डाव सोडून दिला असता.

५/
आता औरंगजेबाचा गुणफलक पाहावा. एप्रिल १७०० : सातारा. त्याच उन्हाळ्यात परळीचा सज्जनगड. १७०१ : पन्हाळा. १७०२ : विशाळगड. १७०३ : सिंहगड. १७०४ : राजगड आणि तोरणा. जवळपास प्रत्येक टर्नला एक किल्ला. त्याआधी १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा ही दोन पूर्ण राज्ये खालसा झाली होती. खेळाच्या हिशेबाने हा निर्विवाद विजय. नकाशा हिरवागार झाला असता आणि पडद्यावर विजयाची पाटी झळकली असती.

६/
प्रत्यक्षात त्याच वर्षांत मराठे कोठे होते? १७०३ मध्ये नेमाजी शिंदे वऱ्हाड तुडवून नर्मदा ओलांडत माळव्यात शिरले. १७०६ मध्ये धनाजी जाधव गुजरातेत मुघल फौजांचा पराभव करीत होते. ज्या सत्तेचे किल्ले एकामागून एक पडत होते, तिचे घोडे शत्रूच्या सर्वांत सुपीक सुभ्यांत चरत होते. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ भिंगारला औरंगजेबाने प्राण सोडला, तेव्हा त्याने घेतलेल्या किल्ल्यांपैकी सातारा तर परतही गेला होता. इतरही लवकरच गेले.

७/
प्रत्येक किल्ल्याची किंमत काय पडली, हे पाहिल्यावाचून त्या गुणफलकाचा अर्थ लागत नाही. साताऱ्याच्या तटाखाली उडवलेल्या सुरुंगाने खुद्द मुघलांचीच माणसे मोठ्या संख्येने गाडली. विशाळगड घेतला तो पावसाळ्याच्या तोंडावर. तेथून पन्हाळ्यापर्यंतचे थोडके अंतर कापायला चिखल आणि नाल्यांमुळे लष्कराला महिन्याहून अधिक काळ लागला. अनेक किल्ले तर लढून घेतलेच नाहीत, किल्लेदारांना पैसे मोजून घेतले. म्हणजे बादशाह खजिना ओतून दगड विकत घेत होता, आणि त्याच पैशातून मराठ्यांची पुढची मोहीम उभी राहत होती.

८/
खेळात सैन्याचा खर्च म्हणजे दर टर्नला वजा होणारी एक रक्कम. घोड्याला चारा लागत नाही, तोफ चिखलात रुतत नाही, बैल मरत नाही. दख्खनमध्ये मात्र चारा हीच रणनीती होती. मुघल छावणी म्हणजे चालते शहर : दरबार, जनाना, बाजार, हत्ती, तोफा आणि लढवय्यांच्या कितीतरी पट बिनलढाऊ माणसे. या शहराचे पोट वंजारी-लमाणांच्या धान्यवाहू बैलांच्या तांड्यांवर चाले. तांडा अडवला की छावणीत धारण चढे. यासाठी एकही किल्ला घ्यावा लागत नसे.

९/
खेळात उन्हाळा आहे, हिवाळा आहे, पावसाळा नाही. युरोपाच्या दृष्टीने आखलेल्या दिनदर्शिकेची ही चूक किरकोळ वाटेल, पण दख्खनमध्ये तिसरा ऋतूच निर्णायक होता. पावसाळ्यात नद्या भरत, स्वाऱ्या थांबत, घोडी चारणीला जात. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहीम सुरू व्हावी, ही प्रथा धार्मिक आहे तशीच कृषी-लष्करीही आहे. तुळजापूरच्या नवरात्रानंतर शिलंगणाचे सोने लुटणारा आजचा तरुण नकळत त्या मोहिमेच्या पंचांगाचेच स्मरण करीत असतो. बादशाहने हे पंचांग मोडले. ऑक्टोबर १७०० मध्ये माण नदीकाठी खवासपूरला रात्रीच्या पुराने त्याची छावणी वाहून नेली, आणि त्या धावपळीत जायबंदी झालेला त्याचा गुडघा अखेरपर्यंत बरा झाला नाही.

१०/
मग मराठ्यांचा हल्ला नेमका कशावर होता? महसुलावर. मुघल सैन्याची बांधणी जहागिरीवर उभी होती. मनसबदाराला जहागीर मिळे, जहागिरीच्या वसुलीतून तो घोडेस्वार पोसे. वसुली आली नाही की स्वार कागदावरच राहत. मराठा सरदार पीक निघण्याच्या सुमारास मुलखात उतरत, चौथाई मागत आणि आपले कमाविसदार नेमत. शहर बादशाहचेच राहे. त्या शहराला पोसणारा पैसा मात्र फाटे. मग मुघल अधिकारी मुलूख वाचवण्यासाठी गुपचूप मराठ्यांना पैसे देऊ लागले. फौज मैदानात न हरताच पोखरली गेली.

११/
लढाईतही हेच तत्त्व दिसते. नोव्हेंबर १६९५ मध्ये, बादशाह ब्रह्मपुरीला असताना, संताजी घोरपडे यांनी आजच्या चित्रदुर्ग जिल्ह्यात दोड्डेरीजवळ कासीमखानाला गाठले. फौजेच्या तीन तुकड्या केल्या : एक सामानसुमानावर घालायला, एक मुख्य सैन्याला गुंतवायला, एक राखीव. पहिला घाव पुढे पाठवलेल्या तंबूंवर पडला. खान गढीत कोंडला गेला, अन्न संपले, आणि मोठी खंडणी कबूल करून उरलेली फौज सुटली. कासीमखान तेथेच मेला. खेळात मात्र लष्कराला सामानच नसते. तेव्हा संताजींचा पहिला घाव तेथे घालणार तरी कशावर?

१२/
यावर आक्षेप येतो : खेळ हा प्रतिकृती असतो, सगळे त्यात कसे मावणार? बुद्धिबळात तरी चारा कोठे आहे? आक्षेप अर्धाच खरा आहे. बुद्धिबळ कोणत्याही विशिष्ट युद्धाचा दावा करीत नाही. त्यावर १७०० साल, सातारा किंवा हैदराबाद लिहिलेले नसते. हा खेळ ती नावे घेतो. आणि प्रतिकृतीतून काय गळाले, यापेक्षा काय उरले ते महत्त्वाचे. येथे उरले ते शहर, रंग आणि मोजणी. गळाले ते नेमके तेच, ज्यामुळे दुर्बळ पक्ष जिंकला.

१३/
पण चूक एकाच बाजूला नाही. खेळाला नावे ठेवणारे अभिमानी लेखनही बहुतेक वेळा दुसरा सोपा खेळच मांडते : गनिमी कावा म्हणजे रात्रीचा छापा, डोंगर आणि धाडस. छाप्यांवर पंचवीस वर्षे युद्ध चालत नाही. मागे रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण यांच्यासारखे कारभारी होते. वतने आणि सरंजाम यांची आश्वासने देऊन देशमुखांना बांधून ठेवणारी पत्रे होती. तेच देशमुख बादशाहकडूनही सनदा मिळवीत, कधी इकडे कधी तिकडे जात. तलवारीइतकेच हे युद्ध दफ्तरात लढले गेले. ही गुंतागुंत लपवणारा अभिमान खेळाइतकाच उथळ आहे.

१४/
ही कला किती पक्की झाली होती, ते १७२८ मध्ये दिसले. चौथाईच्या वादातून निजामाने पुणे प्रांत व्यापला आणि कोल्हापूरच्या संभाजींना छत्रपती म्हणून पुढे केले. खेळाडू अशा वेळी धावत शहर सोडवायला जातो. थोरले बाजीराव गेले नाहीत. त्यांनी निजामाचा मुलूख जाळला, खानदेश-गुजरातेकडे झेप घेतली, औरंगाबादेवर रोख धरला. निजामाला पुणे सोडून मागे धावावे लागले. जड तोफा मागे राहिल्या आणि वैजापूरजवळ पालखेडला तो पाण्यावाचून अडकला. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. पुणे सोडवण्यासाठी पुण्यावर चालून जावे लागले नाही.

१५/
खेळाची सर्वांत मोठी चूक मात्र मालकीची आहे. तेथे एका प्रांताचा एकच धनी असतो. १७१९ मध्ये दिल्लीहून मिळालेल्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मराठ्यांना दिली. मुलूख बादशाहचा, वसुलीत वाटा साताऱ्याचा. यालाच पुढे दुअंमल म्हणू लागले. आज तामलवाडीच्या टोलनाक्यावर थांबणाऱ्याला हे समजणे अवघड नाही : रस्ता एकाच्या मालकीचा असतो, वसुली दुसऱ्याची. धाराशिवचा हा भाग पुढे निजामाच्या राज्यात गेला आणि १८५३ ते १८६० ही इंग्रजी अमलाची वर्षे वगळता १९४८ पर्यंत तेथेच राहिला. या सगळ्या काळासाठी नकाशावर एकच रंग भरणे म्हणजे इतिहास पुसणे आहे.

१६/
गंमत अशी की, हा खेळ खरोखर चांगला खेळणारे औरंगजेबासारखे खेळत नाहीत. शहराबाहेरची शेते, खाणी, बंदरे ही खेळात वेगळी दाखवलेली असतात. त्यांवर छोटी तुकडी नेली की शत्रूचे उत्पन्न घटते. समुद्रावरचे व्यापारी मार्ग तोडता येतात. जाणता खेळाडू आधी हे करतो. प्रत्येक शहरात शिबंदी ठेवून खजिना रिकामा करीत नाही, पोसता येईल तेवढेच सैन्य बाळगतो, दोन आघाड्या टाळतो आणि शत्रू कंगाल झाल्यावर वेढा घालतो. म्हणजे खेळाच्या पोटात योग्य धडा आहे. विजयाची पाटी मात्र चुकीच्या गोष्टीला बक्षीस देते.

१७/
एक गोष्ट जाणत्या खेळाडूलाही दिसत नाही. खेळात रयत म्हणजे ‘खालचा वर्ग’, कराची एक पट्टी आणि नाराजीचा एक आकडा. महसुलावरचे युद्ध म्हणजे उभ्या पिकावरचे युद्ध. छावणीचा चारा, सरपण आणि धान्य सोलापूर-तुळजापूरसारख्या मुलखांतूनच निघे; बादशाहची फौज नेई ते वेगळे आणि मराठ्यांची चौथाई वेगळी. १७०२ ते १७०४ या वर्षांत दख्खनमध्ये दुष्काळ आणि साथीने अगणित माणसे मेली. मराठ्यांची नीती परिणामकारक होती, हे खरे. तिची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्या नावाचा पोवाडा नाही, हेही तितकेच खरे. परिणामकारकतेचे कौतुक करताना ही दुसरी बाजू गाळणारा इतिहासाचा विद्यार्थी खेळाचाच एक मोहरा होतो.

१८/
तेव्हा खेळ जरूर खेळावा. मात्र प्रत्येक टर्न संपवण्यापूर्वी नकाशाकडे पाहून तीन प्रश्न विचारावेत. या हंगामाची वसुली प्रत्यक्षात कोणाच्या हाती गेली? हे सैन्य पुढचा पावसाळा कशावर काढणार? आणि ज्या गावातून ते जाणार, तेथे पेरणीला बियाणे उरले का? औरंगजेबाने किल्ले मोजले, हे प्रश्न विचारले नाहीत. माचणूरच्या घाटावर उभे राहून भीमेकडे पाहणाऱ्याला ती भव्य छावणी आज दिसत नाही. नदी आहे, सिद्धेश्वराचे देऊळ आहे, आणि भोवती ज्वारी.

(समाप्त)